पाणी म्हणजे तेल

आमच्या धंद्यात पोलादाला पाणी देतात. म्हणजे ते लालबुंद तापवायचं आणि एकदम गार करायचं, की कडक होतं. मग पाण्यात बुडवा, तेलात बुडवा, नाहीतर नुसत्या वाऱ्यावर ठेवा, भट्टी चालवणाऱ्या माझ्या मामाच्या तोंडी सगळ्याला पाणीच. कॉलेजात या प्रकारांवर मी वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. मामाला ते ऐकवलं तर म्हणाला, "छान. आता सांडशी धर."

त्या दिवशी मामा दाताच्या डॉक्टरकडे गेला आणि भट्टी पहिल्यांदा माझ्या एकटीच्या हाती आली. क्रेनच्या आठ पिना होत्या, मनगटाएवढ्या जाड. "या धड निघाल्या तर सोमवारपासून भट्टी तुझी," असं सांगून गेला होता. दोन वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते.

पिना तापल्या. भिंतीवरचा तक्ता म्हणत होता, तेल. पण आदल्याच आठवड्यात अगदी अशाच दिसणाऱ्या पिना मामाने पाण्यात बुडवल्या होत्या. पोलाद तेच की वेगळं? माझं डोकंच चालेना. मी फोन लावला.

"मामा, तेलात की पाण्यात?"

"हो, हो. दे पाणी!"

"खरंखुरं पाणी?"

"हो म्हटलं ना! दे पाणी!" आणि फोन बंद.

आता याला काय म्हणावं? तक्त्याचं ऐकलं तर मामा चिडणार, मामाचं ऐकलं तर तक्ता डोळे वटारणार. शेवटी चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे कागदाची काय कथा, असं म्हणून पहिली पिन पाण्याच्या हौदात सोडली. फसफस झाली, वाफ झाली, आणि जरा निवल्यावर आतून आवाज आला. टिक्.

एकदम गार होऊन पिन तडकली होती. उरलेल्या सात मुकाट्याने तेलात सोडल्या. पुढे मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. ती तडकलेली पिनही तेलात बुचकळली आणि बाकीच्यांत मिसळून टाकली. आठही सारख्याच काळ्या दिसायला लागल्या.

मामा आला तो सुजलेला गाल घेऊन. एकेक पिन दोरीला टांगून तो हातोडीने वाजवू लागला. चांगली पिन घंटेसारखी वाजते, तडकलेली नुसती ठक्क करते. मी समोर उभी राहिले आणि चेहरा अगदी कोरा ठेवला. तिसरी पिन ठक्क वाजली. इतकी, की पलीकडच्या लेथवाल्याने मान वळवून बघितलं.

"छान," मामा म्हणाला आणि त्याने चौथी घेतली.

मला काही कळेना. हा मला पाठीशी घालतोय? परीक्षा बघतोय? की माझेच कान वाजतायत? आठही पिना पास झाल्या. "सोमवारपासून भट्टी तुझी," मामा म्हणाला आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी घाम फुटला. त्या क्रेनखाली माणसं उभी राहणार होती.

"मामा, तिसरी तडकलीये," मी म्हणाले. "मी पाण्यात टाकली होती."

मामाने ती पुन्हा टांगली. ठक्क. पण तो पिनेकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता आणि माझं तोंड एव्हाना पार उतरलं होतं.

"हो, तडकलीये," तो म्हणाला.

"मामा, तुला ऐकू येत नाही?"

त्याने हातोडी खाली ठेवली. "दीड वर्ष झालं. वाजवतो मी, पण ऐकतो तुझ्या तोंडावरून. आजवर ते कधी खोटं बोललं नव्हतं."

सोमवारी भट्टी कोणाची, हे त्याने पुन्हा सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.