कोटाखालचा उजेड

मित्रांनो, सर्जनच्या खोलीत भिंतीवर तो कोट लटकतोय ना, त्याच्याखाली मी आहे. जुनी दिव्याची पेटी. स्कॅनची फिल्म माझ्यावर लावायची, मागून उजेड पाडायचा आणि बघायचं, यासाठी माझा जन्म. आधीचे डॉक्टर माझ्यासमोर चष्मा पुसून उभे राहायचे. मग हे आले. हे फक्त रिपोर्टचा कागद वाचतात. यांच्या कोटाची मानेमागची पट्टी तुटली होती, तो खुंटीवर राहायचा नाही, म्हणून माझ्या डोक्यावर आला. मला या माणसाचा राग येतो, आणि तो मी कशाला लपवू?

एकदा एक शिवणकाम करणारी बाई थोरल्या जावेबरोबर आली. ओटीपोट जड, दर अर्ध्या तासाला लघवी. सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलेलं, अंडाशयाची संशयास्पद गाठ. नंतर काढलेल्या सीटी स्कॅनची फिल्म पाकिटातच होती, तिचा रिपोर्ट यायचा होता.

"गर्भाशयासकट सगळं काढू. उद्याच," सर्जन म्हणाले.

"अहो, तिला अजून मूल नाही," जाऊ म्हणाली.

"मूल हवंय की जीव?"

बाई पाकिटाची कड चुरगाळत राहिली.

"डॉक्टर, फिल्म तरी बघा," जुन्या सिस्टर म्हणाल्या.

"आता तुम्ही शिकवा मला."

सिस्टरनी कोट खुर्चीवर टाकला, फिल्म लावली, बटण दाबलं. माझी एक नळी कधीच गेलेली. दुसरी जिवाच्या कराराने पेटवली मी.

ओटीपोटात मोठा काळा गोळा होता. कातडीखालची चरबी जितकी काळी दिसते, नेमका तितकाच काळा. मूत्राशय त्याने दाबून टाकलेलं. दोन्ही अंडाशय मात्र वेगळी, धडधाकट. सर्जन फिल्मजवळ वाकले.

"चरबीची गाठ दिसतेय. इथे क्वचितच होते," ते पुटपुटले. "तेवढीच काढू, तपासायला पाठवू."

नारळाएवढी पिवळी गाठ निघाली. तपासणीत साधी चरबी ठरली, आणि बाईचं बाकी सगळं शाबूत राहिलं. सर्जन मात्र सांगत सुटले, "मला आधीपासून शंका होतीच." पडलो तरी नाक वर! दुसऱ्या दिवशी कोट पुन्हा माझ्या डोक्यावर.

सहा महिन्यांनी बाई दाखवायला आली. तिने न विचारता कोट काढला, पिशवीतून सुईदोरा घेतला आणि तुटलेली पट्टी शिवली.

"आता खुंटीवर राहील," ती सर्जनना म्हणाली.

मित्रांनो, सवयीने कोट अजून माझ्याच डोक्यावर येतो, पण माझी कीव नको. मला पुसा, गेलेली नळी बदला, आणि कुणाचं पोट फाडायचं ठरवण्याआधी एकदा माझ्याकडे बघा. खुंटी दाराजवळच आहे.