मिटल्या तोंडाचा नियम

रविवारी बुद्धघोष पुण्याहून गाडी घेऊन येणार होता आणि परत जाताना वडिलांना सोबत नेणार होता. आबारावांना, म्हणजे त्याच्या दादांना, माकणी हे आपले गाव सोडायचे नव्हते. पण झटका येऊन उजवी बाजू अधू झालेल्या ऐंशीच्या माणसाची संमती कोणी विचारत नाही, ती गृहीत धरली जाते. बुद्धघोषाने फोनवर एकच सवलत ठेवली होती. दादा स्वतःच्या जोरावर खाटेवरून उठून उभे राहिले, तर त्यांनी खुशाल गावी राहावे. "त्यांना उठता येत नाही, तुला उचलता येत नाही, मग ताई, हा हट्ट कशाच्या भरवशावर?" असा त्याचा प्रश्न होता. प्रश्नात खोट काढता येत नव्हती, म्हणूनच त्याच्या बहिणीला, चैतालीला, त्याचा अधिक राग येत होता.

चैताली लोहाऱ्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवत असे आणि सकाळ-संध्याकाळ वडिलांचे करत असे. उठण्याचा प्रयत्न रोज होई आणि रोज एकाच जागी फसे. आबाराव डावा हात खाटेच्या कडेवर रोवत, ओठ गच्च मिटत, श्वास छातीत कोंडून घेत. चेहरा तांबडालाल होई, गुडघे सरळ होत, आणि उभे राहिले राहिले म्हणेपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी येऊन ते मागे कलंडत. त्यांना सावरताना चैतालीही तसेच ओठ मिटून श्वास कोंडून धरी. हे तिला बापानेच शिकवले होते. मागच्या आठवड्यात तर दोघेही एकदमच जमिनीवर बसली होती.

"अज्जा, तोंड उघडा," शिवरंजनी म्हणाली. ही वरच्या आळीतली फिजिओथेरपिस्ट. लोहाऱ्यातल्या आपल्या दवाखान्यात जाण्याआधी ती सकाळी आबारावांकडे व्यायाम घ्यायला येई. "जोर लावताना फूऽ करून हवा बाहेर सोडायची."

"तोंडानं?"

"तोंडानंच. तुम्ही दम कोंडून उठताव, म्हणून आतला दाब चढतो. उभं राहिलं की तोच झपकन उतरतो. मग अंधारी येणार न्हाय तर काय?"

"मला नाक हाय की."

"हाय ना, चांगलं ठसठशीत हाय. पण जोराच्या कामाला तेवढं एकटं पुरत न्हाय."

"आमच्या तालमीत तोंड उघडलं की गडी बाद."

"ती तालीम कवाच बंद पडली, अज्जा."

"तालीम पडली. मी न्हाय पडलो."

"रोज पडताव की," शिवरंजनी म्हणाली. आबारावांनी भिंतीकडे तोंड फिरवले, आणि त्या दिवसाचा व्यायाम संपला.

त्या तालमीचा इतिहास चैतालीला पाठ होता आणि तो तिने कुठल्याही शोधनिबंधात लिहिला नव्हता. वरच्या आळीच्या तालमीत खालच्या वस्तीच्या पोरांना प्रवेश नव्हता. दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या तरुणांनी विहाराच्या मागे पत्र्याची स्वतःची तालीम बांधली आणि ताकद आजमावायला नदीतून घागरीएवढा काळा गोल दगड, म्हणजे गोटी, उचलून आणली. वरच्या आळीतला कल्याणप्पा तेव्हा पंचक्रोशीत नावाजलेला गडी. त्याने एकदा चावडीपुढे, चार माणसांत, हसत सांगितले, "ताकद हाय या लोकांत. पण दम तोंडानं सांडतो. जनावराचं असंच असतंय." त्यावर वस्तीने भांडण केले नाही, नियम केला. गोटी उचलण्याआधी तोंडात पाण्याची चूळ धरायची. गोटी खांद्यावर घ्यायची, खाली ठेवायची, आणि मग सगळ्यांसमोर ते पाणी थुंकून दाखवायचे. पाणी सांडले किंवा गिळले गेले, तर उचललेली गोटी धरली जात नसे. अपमान करणारा विसरून जातो. ज्याचा झाला तो त्याची शिस्त बनवतो आणि पुढे त्या शिस्तीलाच आपला स्वभाव समजू लागतो. आबाराव त्या तालमीचे वस्ताद होते. घोट घोट पाणी तोंडात देऊन त्यांनी लेकीलाही कळशी उचलायला शिकवले होते.

भरीस भर म्हणून बुद्धघोष मोबाईलवर कुणा स्वामींची प्रवचने पाठवत होता. नाक हे प्राणाचे पवित्र द्वार आणि तोंड केवळ अन्नाचे, अशी त्यांची मांडणी होती. चैतालीने त्यातले एक अखेरपर्यंत ऐकले. ज्या परंपरेने माणसांची उतरंड रचली, तिला अवयवांची रचायला कितीसा वेळ लागणार, एवढेच तिच्या मनात आले. दुःख एवढेच होते, की या एका बाबतीत तिचे वडील त्या स्वामींच्या बाजूने उभे होते. किंवा त्यांच्याच बाजूने असल्यामुळे उभे राहू शकत नव्हते.

शनिवारी सकाळी शिवरंजनी दारात चपला काढत असताना चैतालीने तिला थांबवले.

"दादा तोंड का उघडत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगते," ती थंडपणे म्हणाली. "तो नियम तुमच्या आजोबांनी घालून दिला आहे." आणि तिने चावडीपुढचे ते वाक्य, एक शब्दही मऊ न करता, कल्याणप्पाच्या नातीला ऐकवले.

आता ही मुलगी चप्पल पायात घालून माघारी जाईल, आणि उद्या गाडीची मागची सीट भरेल, हे चैतालीला त्या क्षणी स्वच्छ दिसले. तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत. शिवरंजनी आत गेली आणि खुर्ची असताना खाटेजवळ जमिनीवर बसली.

"अज्जा, आमचे अज्जा खरंच असं म्हणले व्हते?"

आबारावांनी आधी लेकीकडे पाहिले. "म्हणला व्हता. जाऊ दे पोरी, तो बी गेला."

"वाईट बोलले. अन् वर खोटं बोलले."

"खोटं कसं?"

"ते सोता गोटी उचलताना तोंड उघडं टाकून हंबरायचे. नीलम्मा अज्जी अजून नक्कल करून दाखवती. म्हातारपणी नुसती घागर उचलली तरी असा हांऽऽ काढायचे, की शेजारचे विचारायचे, काय वो, कोण पडलं?"

"कल्याणप्पा?"

"व्हय."

"तोंड उघडं टाकून?"

"दाढा दिसायच्या म्हणती अज्जी."

"आमाला आत कुठं बघू देत व्हते," आबाराव म्हणाले. "दार लावून घ्यायचे." आणि मग तोंडाच्या चांगल्या बाजूने ते हसू लागले, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. झटका आल्यापासून ते असे हसले नव्हते.

चैताली मात्र हसू शकली नाही. एका बंद दारामागच्या थापेखातर वस्तीतल्या एका अख्ख्या पिढीने तोंडे मिटून दगड उचलले होते. हा गुन्हा कोणत्या न्यायासनापुढे न्यावा? आरोपी अंथरुणात, सुखाने, नातवंडांच्या गराड्यात मेला होता. पुरावा हाती आल्यावर इतिहासाच्या प्राध्यापिकेला संताप आला. ज्याच्यावर तो इतिहास गुदरला होता, तो माणूस हसत होता. आणि त्या हसण्यात, तिच्या लक्षात आले, छातीतली हवा तोंडावाटे आपोआप बाहेर पडत होती, आणि त्यांना कसलीही अंधारी येत नव्हती.

शिवरंजनीच्याही ते लक्षात आले असावे. "अज्जा, आत घेताना नाकानंच घ्या," ती म्हणाली. "ते तुमचं राहू द्या. बाहेर सोडताना तेवढं तोंड."

"आवाज करू?"

"करा की. मोठ्यानं करा."

आबारावांनी डावा हात खाटेच्या कडेवर रोवला, नाकाने सावकाश श्वास घेतला, पुढे झुकले, आणि तोंड उघडून असा दीर्घ हाऽऽ काढला की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. ते उभे राहिले. चैतालीचे हात त्यांच्या काखेशी तयार होते. त्यांची गरज लागली नाही. तिनेही तोंड उघडले होते, हे तिला मागाहून कळले.

रविवारी बुद्धघोष मानेची उशी वगैरे जय्यत तयारीने आला. आबाराव त्याच्यासमोर उठून उभे राहिले.

"दादा, परत एकदा," तो म्हणाला.

"का? पटलं न्हाय?"

"पटलं. पण परत बघायचंय."

"बापाला सर्कशीत ठेवतुस व्हय रं," आबाराव म्हणाले. पण बसले आणि पुन्हा उठले. बुद्धघोषाने ती उशी उचलून गाडीत परत ठेवली. जेवताना तो बहिणीला म्हणाला, "मलाही शिकव. आलो की मी उठवेन." त्याच्यावरचा तिचा राग तिथेच विरला, बुद्धघोषही वडिलांच्या काळजीपोटीच आला होता.

तो गेल्यावर चैताली वरच्या आळीत गेली. पुस्तकांच्या आरंभी तिने आजवर पुष्कळ ऋणनिर्देश लिहिले होते; ग्रंथपालांचे, मार्गदर्शकांचे, ज्यांनी अडथळेच आणले अशा विभागप्रमुखांचेही. वाटेत तिने एक तोलून मापून वाक्य जुळवले. त्यात कल्याणप्पाला माफी नव्हती, आणि त्याच्या नातीबद्दल काही हातचे राखलेलेही नव्हते. शिवरंजनी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला पाहताच ते वाक्य चैतालीच्या हातून निसटले.

"दादा इथंच राहणार आहेत," ती म्हणाली. "तुमच्यामुळं."

शिवरंजनीने शेंगांचे सूप बाजूला सरकवून तिला बसायला जागा केली. "आवाज केला का त्यांनी?"

"गल्लीभर."

"मग उद्या खुर्चीवरून उठवू," ती म्हणाली, आणि मूठभर शेंगा चैतालीपुढे केल्या. चैताली बसली आणि शेंगा फोडू लागली. आतून नीलम्मा कोण आलंय म्हणून विचारत होती.