स्टोयानमामाचं नाक

मिल्कामामीनं तिसऱ्या बाटलीचं झाकण उघडलं, वास घेतला आणि बाटली टेबलाच्या पार पलीकडे सरकवली.

"ही नको. सर्दीच्या औषधासारखा वास येतोय."

"हॉप्सच्या फुलांचा वास आहे तो, मामी. लोकांना तोच आवडतो," नेवा म्हणाली.

"लोकांना आवडू दे. तुझा मामा म्हणेल, मला काही झालं नाहीये, मग हे का पाजताय?"

पहिली काळी बिअर मामीच्या मते करपलेली कॉफी होती आणि दुसरी, गव्हाची, तान्ह्या बाळाची पेज. नेवा हसत होती, पण तिचं लक्ष मामीच्या खांद्यावरून तळघराच्या दाराकडे जात होतं.

स्टोयानमामा म्हणजे दुपारच्या जेवणाबरोबर दोन ग्लास आणि संध्याकाळी एक, तोही स्वतःच्या बागेतल्या वाइनचा. बिअर ही फुटबॉल बघणाऱ्यांची गोष्ट, असं त्याचं पन्नास वर्षांचं मत. पण यंदा मामाच्या घरी वाइनच नव्हती. नोव्हेंबरात संत मार्टिनच्या दिवशी विपावा खोऱ्यातलं घरन्‌घर नव्या वाइनचं पिंप उघडतं, आणि मामानं तर सप्टेंबरात सगळी द्राक्षं वेलीवरून थेट सोसायटीच्या ट्रॉलीत टाकली होती. घरात एक घडसुद्धा चिरडला नव्हता.

"विकतची वाइन तो तोंडाला लावणार नाही," मामी म्हणाली. "आणि त्या दिवशी पाण्याचा ग्लास घेऊन बसलेला मला बघवणार नाही गं. तू कर काहीतरी. तुझ्या हातचं तो नाही म्हणणार नाही."

तुझ्या हातचं. नेवानं बाटल्यांची झाकणं उगाच पुन्हा घट्ट केली.

कारण जे झालं होतं ते तिच्याच हातानं झालं होतं. फेब्रुवारीत एका बिअरमध्ये तिनं मुद्दाम रानटी यीस्ट घातलं होतं आणि ती मुरायला मामाच्या थंड तळघरात एका छोट्या पिंपात भरून ठेवली होती. भरताना तिची स्वतःची नळी गारठ्यानं तडकली. घरी जाऊन दुसरी आणायचा कंटाळा आला. समोर खुंटीवर मामाची रबरी नळी होती, तिनं ती वापरली, थंड पाण्यानं दोनदा खळबळली आणि परत टांगली. रानटी यीस्ट रबरात मुरून राहतं, म्हणून त्या बिअरची नळी वेगळी ठेवायची, हे घरी बिअर करणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. नेवा तर दर महिन्याला नवशिक्यांना ते शिकवायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मामानं सहाशे लिटर बार्बेराची, म्हणजे गेल्या हंगामातल्या लाल वाइनची, चव घेतली, ती ठीक आहे म्हणाला आणि त्याच नळीनं ती गाळावरून दुसऱ्या पिंपात उतरवली. ऑगस्टमध्ये ते बंद पिंप उघडलं, तेव्हा शेजारच्या झ्द्राव्कोनं एक घोट घेतला आणि थुंकला. "स्टोयान, पिंपात घोडा बांधलायस का?"

सगळे हसले होते. मामाही हसला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं सहाशे लिटर वाइन गटारात सोडली आणि बायकोला सांगितलं, की ईस्टरलाच ती नासलेली असणार, मला कळलं नाही. माझं नाक गेलं. नाक गेलेल्या माणसानं वाइन करू नये. मार्टिनच्या दिवशी झ्द्राव्को येणार होता, बागेच्या विक्रीचा कागद करायला. वेली काढून तो पीच लावणार होता.

"आणि त्या खालच्या छोट्या पिंपात काय आहे गं?" मामीनं विचारलं. "आठ महिने झाले असतील."

"ती नाही जमली."

खरं तर तीच सगळ्यांत छान जमली होती. आंबूस, कोरडी, आत चेरीची चव. वाइन पिणाऱ्याला बिअर पाजायची तर हीच पाजावी, असं नेवानं दुसऱ्या कुणालाही डोळे मिटून सांगितलं असतं. फक्त तिच्या तळाशी तो वास होता, तबेल्याचा, घोड्याच्या घामाचा. बिअरमध्ये तो वास कौतुकानं घेतात.

शेवटी दोघींचं ठरलं, की बांधावरच्या वेलींवर राहून गेलेल्या पिनेलाच्या, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांच्या, घडांचा रस घालून हलकी, सोनेरी बिअर करायची. दिसायला वाइनसारखी, कुणाला न दुखावणारी. घरी जाताना नेवाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची लाज वाटली.

मार्टिनच्या दिवशी सकाळपासून बुर्या हा थंड, सोसाट्याचा वारा सुटला होता आणि खिडक्या थडथडत होत्या. टेबलावर भाजलेला हंस होता, लाल कोबी होती. मामा धुतलेला शर्ट घालून बसला होता. नेवानं त्याच्या वाइनच्या ग्लासात सोनेरी बिअर ओतली. त्यानं ग्लास उजेडाकडे धरला, एक घोट घेतला, गिळला.

"छान आहे."

पोटाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात मिळालेल्या सूपलाही तो छान म्हणाला होता.

"आवडली नाही ना मामा?"

"अगं, मला काय विचारतेस? मला आता साबण आणि सफरचंद यांतलं काही कळत नाही." त्यानं ग्लास ताटापासून लांब ठेवला. "मिल्के, झ्द्राव्को चारला येतोय ना? त्याच्यासाठी कोबी राखून ठेव. खालची ओळ तेवढी मी स्वतः काढीन म्हणावं. बाबांनी लावलेली आहे."

 मामीनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, आधीचा तसाच असताना.

नेवा उठली.  न जाण्याचं एखादं कारण सापडतं का, म्हणून ती जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबली, पण पायऱ्या नऊच होत्या. छोट्या पिंपाची तोटी उघडून तिनं जग अर्धा भरला. खुंटीवरची नळी काढून खांद्यावर टाकली आणि वर आली.

तिनं मामासमोर दुसरा ग्लास ठेवला. बिअर गढूळ, नारिंगी होती. मामानं आधी खांद्यावरच्या नळीकडे पाहिलं, मग ग्लास उचलला.

ओठांपर्यंत जाण्याआधीच तो हवेत थांबला.

मामानं ग्लास खाली आणला, परत वर नेला. डोळे मिटले. खिडकी थडथडली, तरी त्यानं मान वळवली नाही.

"घोडा," तो म्हणाला.

"हो."

"हे तू मुद्दाम घालतेस?"

"या बिअरमध्ये घालतात. फेब्रुवारीत भरली होती. तुझ्या नळीनं." तिनं खांद्यावरच्या नळीला हात लावला. "थंड पाण्यानं धुतली फक्त. मला माहीत होतं तसं करायचं नसतं. ऑगस्टमध्ये झ्द्राव्को थुंकला ना, तेव्हाच कळलं. तरी बोलले नाही."

"अगं बाई," मामी पुटपुटली आणि हातातला चमचा धरून तशीच उभी राहिली.

मामानं ग्लास टेबलावर ठेवला. नेवाला वाटलं, आता तो ओरडेल. त्यानं ओरडावं असंच तिला वाटत होतं.

"म्हणजे ईस्टरला," तो सावकाश म्हणाला, "मी चव घेतली, ती उतरवायच्या आधी."

"आधी, मामा."

"तेव्हा ती चांगली होती."

"चांगलीच होती. नंतर नळीतून गेली."

"मी तुला म्हटलं होतं मिल्के. काय म्हटलं होतं? बार्बेरा ठीक आहे म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस."

त्यानं नळी नेवाच्या खांद्यावरून ओढून घेतली. खिशातली छाटणीची कात्री काढली आणि नळी टेबलाच्या कडेवर धरून कापायला लागला. वीतभर, वीतभर, सगळे तुकडे सारखे. टेबलक्लॉथवर काळं पाणी ठिबकलं, ते मामीनं ठिबकू दिलं.

"खालच्या ओळीत तार खोडात रुततेय," तो नेवाकडे न बघता म्हणाला. "एकेक तुकडा उभा चिरून मध्ये घालायचा. तू घालायचास. मग दर शनिवारी ये, छाटणी शिकवतो. सहाशे लिटर होती ती, नेवे."

"येईन."

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

बाहेर फाटकाचा आवाज झाला. झ्द्राव्को टोपी हातानं दाबून धरत अंगणातून येत होता. मामीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"कोबी वाढ त्याला," मामा म्हणाला. "आणि सांग, जेवायलाच बोलावलं होतं."

तो उठला, गढूळ बिअर त्यानं मोरीत ओतून दिली. मग खिडकीशी पाठमोरा उभा राहून रिकामा ग्लास त्यानं पुन्हा नाकाशी नेला, आणि झ्द्राव्कोनं दार वाजवलं तरी काढला नाही.