काचेतली सौना

फिनलंडमधल्या आमच्या तुर्कूच्या कला अकादमीत प्राध्यापिका रौनी वुओरेलाचा एक नियम सव्वीस वर्षं चालला. वर्गात मांडलेल्या कामावरची चर्चा संपेपर्यंत ते कुणाचं हे सांगायचं नाही, आणि ज्याचं असेल त्याने तोंड उघडायचं नाही. शेवटी त्याला एकच प्रश्न विचारता येतो. खुलासा करायचा नाही. मी तिथला सुतार. या नियमापायी कितीतरी पोरं माझ्या खोलीत येऊन रडली आहेत. मी त्यांना कॉफी देतो, आणखी काय देणार?

निवृत्तीच्या वर्षी, मार्चमध्ये, रौनीने गुपचूप स्वतःचंच काम चर्चेला ठेवलं. अकरा वर्षांच्या खंडानंतर तिचं प्रदर्शन होणार होतं, तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि काम जमलंय की नाही हे तिचं तिला कळत नव्हतं. वडिलांची धुराची सौना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची बिनचिमणीची लाकडी खोली, तिने गावाहून फळी फळी सोडवून आणली होती. मी ती पुन्हा उभी केली आणि चारी बाजूंनी काचेत बंद केली. काच हा तिचाच हट्ट. फळ्यांत साठ वर्षांचा धूर मुरला होता. उघडं ठेवलं तर महिन्याभरात वास उडून जाईल, आणि वडिलांचं तेवढंच उरलंय, असं ती मला म्हणाली होती.

पोरं काचेभोवती फिरली.

"नीटनेटकं आहे," सायमी म्हणाली. "फारच."

"सौना आहे ना? मग बसायचं कुठे?" ओत्सो म्हणाला. "हे करणारा घाबरलाय."

"कशाला घाबरेल?"

"कुणी हात लावेल म्हणून. माझी आजी चांगले कप असेच कपाटात ठेवते. आम्ही आपले लांबूनच बघायचे!"

सगळे हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन आठवडे खपून बसवलेली काच होती ती. मी घसा खाकरला. रौनीने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी मूग गिळून बसलो. ती एक वाक्य बोलली असती तर पोरांच्या माना खाली गेल्या असत्या. पण पाऊण तास ती वहीत लिहीत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

"झालं," शेवटी सायमी म्हणाली. "ज्याचं असेल त्याने प्रश्न विचारावा."

रौनी उठली. ओत्सो कानापर्यंत लाल झाला.

"रौनी, मला माहीत असतं तर..."

"तर खोटं बोलला असतास." मग माझ्याकडे वळून तिने आपला प्रश्न विचारला, "ताइस्तो, दाराकडची काच काढायला किती वेळ लागेल?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो. खरं तर मला दहा तास सांगायचे होते.

काच निघाली तसा धुराचा वास खोलीभर पसरला. बारा पोरं ओल्या कोटांसकट आत घुसली, गुडघ्याला गुडघा लावून बसली. रौनी बाहेर उभी राहून डोळे पुसत होती. तिने ते लपवलं नाही.

प्रदर्शनही तसंच, काच न लावता भरलं. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गेलो. तिने फळीला नाक लावलं, बराच वेळ.

"गेला," ती म्हणाली.

आत वरच्या बाकावर दोन अनोळखी बायका आपापल्या गुडघेदुखीबद्दल तावातावाने बोलत बसल्या होत्या.

"सरका जरा," रौनी त्यांना म्हणाली, आणि बूट काढून वर चढली.