पंगतीला वाढपी हवेत

मुलुंडात कामाला माणूस मिळत नाही, असं मी गेल्या महिन्यात निदान शंभर जणांना सांगितलं. त्यातले सत्तर जण माझ्याकडे काम मागायलाच आले होते.

मी सुगंधा परब. बावीस वर्षं लग्नामुंजींची जेवणं करते. आता सगळीकडे बुफे झालाय. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि पापड कुठे धरायचा ते देव जाणे. पण एका पार्टीला रविवारच्या लग्नात केळीच्या पानावर पंगत हवी होती, आणि तीही आग्रहासकट. त्या लग्नाच्या हॉलचे मॅनेजर चंद्रप्रकाश सावंत यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "सुगंधाताई, पंगत झकास झाली तर हॉलचं किचन वर्षभर तुमचं. नाहीतर मिथुन तयारच बसलाय."

मिथुन म्हणजे बुफेवाला. त्याचं नाव काढलं तरी माझं पित्त खवळतं. पण घरच्या ओट्यावर तीनशे माणसांचं जेवण होत नाही, आणि आमच्या सोसायटीने तर धुराबद्दल नोटीसच दिलीय. हॉलचं किचन मिळालं नाही तर माझा धंदा बंद, इतकं ते साधं होतं.

स्वयंपाकाला माझ्या बायका पक्क्या आहेत. अडलं होतं वाढप्यांवर. जुन्यांपैकी दोघं गावी गेले, एक सिक्युरिटीत लागला, बाकीच्यांचे गुडघे गेले. सुयोग म्हणून एक चांगला पोरगा होता. त्याला मीठ कुठे वाढतात इथपासून मी शिकवलं, आणि दोन वर्षांत मेला मिथुनकडे पळाला. तेव्हाच मी कानाला खडा लावला की यापुढे कुणाला शिकवायचं नाही, शिकलेलाच घ्यायचा. म्हणून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाकलं: वाढपी पाहिजेत, पंगतीचा पाच वर्षांचा अनुभव आवश्यक.

अगं बाई, रांग लागली! आमच्या ह्यांना मी पानासमोर बसवलं आणि येईल त्याला वाढायला लावलं. एक मेकॅनिकल इंजिनियर आला. त्याने मिठाची जागा फूटपट्टीने मोजल्यासारखी अचूक साधली आणि आमटी ह्यांच्या मांडीवर ओतली. एक एमबीए आला, त्याने भाताआधी वरण वाढलं. ते पानावरून पळालं, त्याच्यामागे हे पळाले. हॉटेलात काम केलेल्या एकाने चटणी उजवीकडे वाढली. मी सगळ्यांना बाहेरची वाट दाखवली. ह्यांनी दोन दिवसांत एकवीस वेळा वरणभात खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी संपावर गेले.

"अगं, पंगतीच उठल्यात दहा वर्षांपूर्वी," हे ढेकर देत म्हणाले. "पाच वर्षांचा अनुभव माणसं आणणार कुठून?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. बरोबर बोलत होते, म्हणूनच राग आला.

श्रुतिका नावाची एक मुलगी तर तीन वेळा आली. बीकॉम झालेली, भांडुपची. पहिल्या दिवशी तिची कोशिंबीर चुकली. दुसऱ्या दिवशी कुठलासा व्हिडिओ बघून आली आणि पान बरोबर वाढलं. पण अनुभव विचारला तर नाही. मी म्हटलं, नाही तर नाही. तिसऱ्या दिवशी दारातच उभी राहिली.

"काकू, अंधेरीला कॉल सेंटरमध्ये होते. क्रेडिट कार्ड विकायचे फोन करायचे. ते बंद पडलं, त्याला आठ महिने झाले. जिथे जाते तिथे अनुभव विचारतात. पहिल्यांदा कुणी घेतलं तरच होणार ना?"

"मग मीच का पहिली? माझ्याकडे शिकायचं आणि दुसरीकडे पळायचं, ठाऊक आहे मला."

तिचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण दार लावलं.

शुक्रवारी सावंतांचा फोन आला. "ताई, वाढपी किती झाले?"

"होतायत."

"आकडा सांगा."

आकडा शून्य होता. मी फोन ठेवला, देवाला हात जोडले आणि श्रुतिकाला फोन लावला. "फक्त रविवारपुरतं यायचं. तुझ्यासारखे अजून किती बेकार आहेत गं?"

"तुम्हाला किती हवेत, काकू?" ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ती आणखी सात जणांना घेऊन आली. कॉल सेंटरची आख्खी टीम! गच्चीत वर्तमानपत्रांची पानं मांडली आणि हातात पळी घेऊन मी सुरू झाले. मीठ वर मधोमध. लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. भांडं पानाला टेकवायचं नाही. आणि जिलबी आली की 'हवी का' असं विचारायचं नाही, 'घ्याच' म्हणायचं.

"आणि नको म्हणाले तर?" एकाने विचारलं.

"म्हणणारच. पहिल्यांदा सगळेच नको म्हणतात. ते खरं नसतं."

आठही जण एकमेकांकडे बघून हसत सुटले. मला काही कळेना. म्हटलं, उन्हाने डोकी फिरली असतील पोरांची.

रविवारी दुपारी पहिली पंगत बसली. भातापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग जिलबी निघाली, आणि कोपऱ्यातल्या एका ढेरपोट्या काकांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. श्रुतिका वाकली.

"नमस्कार सर, श्रुतिका बोलतेय. तुमची फक्त दोन मिनिटं घेऊ का?"

वाट लागली! म्हटलं, गेलं किचन.

"नको, नको," काका म्हणाले.

"नको म्हणण्याचं कारण कळू शकेल का, सर?"

"डाएट चालू आहे माझं."

"समजू शकते, सर. डाएट उद्यापासून ट्रान्सफर करून देऊ का? आज तुमच्या पानासाठी दोन जिलब्यांची स्पेशल ऑफर आहे."

आख्खी पंगत खो खो हसली. काकांनी चार खाल्ल्या. पलीकडे एक पोरगा नवरीच्या आत्याला सांगत होता, "मॅडम, ऑफर फक्त मठ्ठा येईपर्यंतच आहे." दिवसाला दोनशे वेळा 'नको' ऐकलेली ही पोरं! त्यांना एका 'नको'चं काय भय? आणि मी मूर्ख, पाच वर्षांचा अनुभव शोधत होते.

तिसऱ्या पंगतीला जिलबी संपली. माझा अंदाज कधी चुकत नाही, त्या दिवशी चुकला. वरच्या हॉलमध्ये मिथुनचा बुफे होता. नाक मुठीत धरून त्याच्याकडे जिलबी मागितली. तो स्वतः दोन ट्रे घेऊन खाली आला आणि जायचं सोडून दारात उभा राहिला. बराच वेळ पोरांचं वाढणं बघत होता.

चार वाजता सावंतांनी माझा हात हातात घेतला. "ताई, किचन तुमचं! पंगतीची तीन बुकिंगं आत्ताच झाली. पण सगळ्यांना हीच आठ माणसं हवीत हं."

मी धावतच आत गेले. आठही जण जेवायला बसले होते. श्रुतिकाच्या पानाशेजारी मिथुनचं कार्ड होतं.

"झालं?" माझा आवाज चढला. "मिळाला अनुभव? निघा आता!"

"काकू, त्यांनी विचारलं, अनुभव आहे का. मी हो म्हटलं." तिचे डोळे भरून आले. "आठ महिन्यांत पहिल्यांदा हो म्हणता आलं."

"म्हणजे जाणार तू."

"तुम्ही रविवारपुरतं बोलावलं होतं. राहा असं कुठे म्हणालात?"

मला एकदम सुयोग आठवला. शेवटच्या दिवशी तो पिशवी घेऊन दहा मिनिटं किचनच्या दारात उभा होता. मी पाठ करून वाट्या मोजत होते. वाटलं, पोरगा निर्लज्ज आहे, जायचं तर जात का नाही. बावीस वर्षं परक्यांना हात धरधरून जेवायला बसवलं मी, पण माझ्या माणसाला थांब म्हणायला माझी जीभ वळली नाही. मला रडूच आलं.

"राहा गं," मी म्हटलं. "सगळेच राहा. शिकवेन मी. स्वयंपाकसुद्धा शिकवेन."

"बघते, काकू," ती मान खाली घालून म्हणाली.

पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात. मी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर ठाण मांडून बसले.