सासू-सुनेचं गालिच्याचं मशीन

औरंगपुऱ्यातल्या एका वकिलांच्या ऑफिसात गालिचा धुताना मशीननं सारजाबाईंना ओढत नेलं आणि फायलींच्या कपाटावर आपटलं, तेव्हा ज्ञानेश्वरी हातातलं टाकून धावली. सासू पहिल्यांदाच कामावर आली होती. ज्ञानेश्वरीच्या हाताखालचा पुंडलिक वाळूजला कंपनीत लागला, दुसरं माणूस मिळेना, तेव्हा सारजाबाई आपणहून म्हणाल्या होत्या, "मी येते की. बादल्या तरी उचलीन." बादल्या उचलता उचलता त्यांनी मशीनची मूठ धरली. भाड्यानं आणलेलं जड मशीन, खाली मोठा गोल ब्रश. मूठ जरा वर झाली की ते उजवीकडं पळायचं, खाली दाबली की डावीकडं.

"आत्याबाई! लागलं का?"

सारजाबाई कपाटाला टेकून बसल्या होत्या आणि हसत होत्या. हसू आवरेना. "नाय गं. खोंडच हाय की हे! माणसाला विचारत बी नाय."

मग हसता हसता त्यांनी गालिच्यावरून हात फिरवला आणि थांबल्या. वैजापूरकडं माहेरी त्यांचं सगळं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. लोकर त्यांना डोळे मिटून कळायची.

"पोरी, हे बघ. ओली लोकर अशी गोल गोल रगडली की एकमेकीत गुंतती. मग ती सुटत नाय. आपण गालिचा धुतोय का त्याचा गोळा करतोय?"

ज्ञानेश्वरीनं गुडघे टेकून पाहिलं. ब्रश फिरला होता तिथं लोकरीचे धागे पिळवटल्यासारखे झाले होते. तीन वर्षं ती हे काम करत होती, तरी तिचं तिकडं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी तिनं ठरवलं, आता भाड्याचं बंद. आपलं मशीन घ्यायचं आणि दोघींना झेपेल असंच घ्यायचं.

दुकानातल्या सत्यम नावाच्या विक्रेत्यानं तीन मशीनं मांडली. ज्ञानेश्वरीनं घरून लोकरी गालिच्याचा एक मळका तुकडा आणला होता. तिन्ही मशीनं त्याच्यावर चालवून दाखवा, म्हणाली. पहिलं भाड्याच्या मशीनचंच नवं भावंड होतं. दुसऱ्याला तीन ब्रश होते, मळ निघाला पण तुकड्यावर पिंजल्यासारखे केस उभे राहिले. तिसऱ्याला ब्रशच नव्हता. सुती कापडाचा जाड पॅड खाली धरून ते जागच्या जागी बारीक, भराभर थरथरायचं. सारजाबाईंनी ते एका हातानं धरलं, मग दोन बोटांनी. मशीन निमूट त्यांच्यासोबत चाललं.

"मावशी, हे हलकं काम," सत्यम म्हणाला. "फरशी पुसायला वगैरे. धंदेवाले लोक मोठंच नेतात."

खरंच, तुकड्याच्या तळाशी मळ राहिला होता. ज्ञानेश्वरीनं तो बोटानं चाचपला. "मळ राहिला तर मशीनला वजन लावता येईल," ती म्हणाली. "पीळ पडलेली लोकर कशानं सरळ करू? हेच द्या."

पंख्याच्या, पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या बिभीषणच्या वर्कशॉपमध्ये ते मशीन पंधरा दिवस मुक्कामाला होतं. बिभीषण आधी डोकं खाजवायचा आणि मग कामाला लागायचा. त्यानं दहा किलोचा लोखंडी तुकडा मोटारीच्या मागं बसवला, तर मशीन बेडकासारखं उड्या मारायला लागलं. रस्त्यावरची माणसं बघायला जमली. मग त्यानं त्याच वजनाच्या दोन अर्ध्या चकत्या कापून मोटारीभोवती कड्यासारख्या बसवल्या, भार बरोबर पॅडच्या मधोमध आला आणि मशीन शहाणं झालं. मुठीनं हाताला मुंग्या यायच्या, तिच्या सांध्यात त्यानं गाडीच्या इंजिनाखालचे रबर घातले.

साबणाच्या पाण्याचं मात्र जमेना. लावलेली बाटली एकाच जागी गळायची आणि गालिच्यावर तळं साचायचं.

सारजाबाई उठून वैजापूरला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी शेतातल्या फवारणीचा नवाकोरा बॅटरीवाला पंप घेऊन आल्या. रुमालातून त्यांनी एक छोटं नोझल काढलं.

"हे तणाच्या औषधाचं. किडीच्या औषधाचं गोल उडतं, हे पट्ट्यावानी पडतं. शेजारच्या सरीत थेंब जात नाय. दहा वर्सं मजुरीनं फवारलंय मी."

बिभीषणनं पंप मशीनला जोडला, नोझल पुढं बसवलं आणि बटण दाबलं. फरशीवर पाण्याचा सरळ, पातळ पट्टा उमटला. तो उठला आणि सारजाबाईंच्या पाया पडला. "मावशी, तुम्ही इथंच कामाला या."

"आन माझ्या सुनेकडं कोण जाईल?" सारजाबाई म्हणाल्या.

पहिलं मोठं काम वेरूळ रस्त्यावरच्या एका हॉटेलात मिळालं. हॉलभर लाल लोकरी गालिचा, संध्याकाळी सातला साखरपुडा. मॅनेजर करुणा मॅडमना धास्ती होती. मागच्या वेळी धुतलेला गालिचा दोन दिवस ओला राहिला होता आणि पाहुण्यांचे मोजे भिजले होते. "आधी दाराजवळचा कोपरा करून दाखवा," त्या म्हणाल्या.

ज्ञानेश्वरीनं कोपरा केला. करुणा मॅडमनी पांढरा नॅपकिन दाबून पाहिला. नॅपकिन पांढराच राहिला, जेमतेम ओलसर झाला. "करा सगळा," त्या म्हणाल्या.

दोघी आळीपाळीनं चालवू लागल्या. पुढं पाण्याचा पट्टा, मागं थरथरता पॅड, आणि काळपट लालातून खरा लाल वर येत होता. अकराच्या सुमारास मशीन एकदम घरघरलं आणि जागीच अडलं. ज्ञानेश्वरी घाबरली, मोटार गेली की काय! सारजाबाईंनी ते आडवं करून पाहिलं. पॅड मळानं चिखलासारखा झाला होता. "ह्याचं पोट भरलंय," म्हणत त्यांनी पॅड उलटा केला. दुसरी बाजूही भरली तशा त्या एकेक पॅड हॉटेलच्या धुलाईघरात नेऊन खळबळून, पिळून आणू लागल्या. तिथल्या पोरींशी त्यांची ओळखही झाली. कुणाचं माहेर कुठलं, हे जेवायच्या वेळेपर्यंत त्यांना पाठ होतं.

दोनला शेवटचा पट्टा झाला. चारला करुणा मॅडम आल्या, चपला दाराशी काढल्या आणि अनवाणी हॉलच्या मधोमध चालत गेल्या. गालिचा कोरडा होता. त्यांनी स्टाफला हाका मारून बोलावलं. बघता बघता पाच-सात जण त्या लाल गालिच्यावर अनवाणी फिरायला लागले, आचारीसुद्धा.

"खालच्या मजल्यावरचा पण करायचाय," करुणा मॅडम ज्ञानेश्वरीला म्हणाल्या. "मंगळवारी याल?"

ज्ञानेश्वरी हो म्हणणार, तेवढ्यात वायर गुंडाळत बसलेल्या सारजाबाई मध्येच बोलल्या, "मंगळवारी नाय जमायचं, मॅडम. पॅड वाळवायचेत, मशीनला तेलपाणी करायचंय. बुधवारी येऊ आमी."

"चालेल, बुधवारी," करुणा मॅडम हसून म्हणाल्या.

बादल्या उचलायला आलेली सासू आता कामाचा दिवस ठरवत होती. ज्ञानेश्वरीला इतका आनंद झाला, की सगळ्या स्टाफसमोर तिनं सारजाबाईंना मिठीच मारली.

"आगं सोड," सारजाबाई म्हणाल्या. "पुरी वल्ली झालीय मी."