नाक बांधलेली घंटा

आमच्या खेळात जग ठरवताना दोन नियम होते. कोणी काही सुचवलं तर 'नाही' म्हणायचं नाही, आणि प्रत्येक गोष्टीला तीनदा 'का' विचारायचं. पहिला नियम पूनमचा, दुसरा माझा. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे नमुना नापास झाला की खरं कारण सापडेपर्यंत 'का' विचारत बसावं लागतं. ती सवय मी खेळात आणली होती.

खेळ तसा सोपा. एक जण सूत्रधार होतो आणि जग सांगतो. बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि आपण काय करणार ते बोलून सांगतात. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी, पूनम, जितेश आणि दीपेश गेली दोन वर्षं खेळत होतो. जुनी मोहीम दिवाळीत संपली. नवीन जग रचायला म्हणून डिसेंबरातल्या एका बुधवारी दुपारी आम्ही हिरकणीवाडीत पूनमच्या आईच्या हॉटेलात मागचं टेबल धरून बसलो. बुधवारी गडावर जाणाऱ्या रोपवेला गर्दी नसते.

त्या दिवशी तिघंच होतो. जितेश आणि दीपेश एकाच रसायन कारखान्यात कंत्राटी ऑपरेटर आहेत. खरं तर दुपारी तीनची पाळी जितेशची होती, पण यावेळी सूत्रधार तो असल्याने दीपेशने त्याच्याशी पाळी बदलून घेतली होती.

"दीप्याला कबूल केलंय," जितेश म्हणाला, "त्याच्या माणसाला पयल्याच दिवशी तलवार."

"अजून जग नाही आणि तलवारी वाटतोय," पूनम म्हणाली. तिने टेबलावर मोठा कागद पसरला होता आणि त्यावर पेन्सिलीने पठारं काढत होती. "माणसं फक्त पठारांवर राहतात. खाली दऱ्यांत धुकं आहे. उतरेल तो मरतो."

"का?" मी विचारलं.

"विषारी आहे. हिरवट पिवळं. आणि ते वर चढत नाही."

"का?"

"आता ते तू सांग. केमिस्ट्री तुझी."

मी सांगितलं. धुकं हवेच्या अडीच पट जड आहे, म्हणून खोलगट जागी साचतं. हजार वर्षांपूर्वी आकाशातून एक जहाज दरीत कोसळलं. त्यातली यंत्रं अजून चालू आहेत आणि हे धुकं म्हणजे त्यांचा उच्छ्वास. वरच्या लोकांना जहाज माहीत नाही. ते त्याला राक्षस म्हणतात आणि त्याच्या नावाने मंत्र म्हणतात. त्यातले काही मंत्र खरोखर लागू पडतात, कारण ती जहाजाला द्यायच्या जुन्या आज्ञांची मोडकी रूपं आहेत.

"भारी," पूनम म्हणाली आणि लिहून घेतलं.

बयाबाई, म्हणजे पूनमची आई, भज्यांची ताटली घेऊन आली. "काय गो, राक्षसाला बी चहा टाकू काय? का त्यो धूरच पितो?"

"टाका मावशी, त्याचं बिल जितेशच्या नावावर," मी म्हणाले.

जितेश हसला नाही. फासा तळहातावर घोळवत तो म्हणाला, "प्रत्येक पठाराच्या कडेला एक घंटा हाय. जहाजातनं निघालेली. तिला नाक हाय. धुकं वर यायला लागलं की ती हुंगते आणि आपोआप वाजते."

"नाक कुठे असतं?"

"खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. जड धुकं पयलं पायाशीच येणार ना."

मला हे फार आवडलं. सूत्रधाराने इतका नेमका विचार केला की मला आनंद होतो. "आता गोष्ट कुठे बिघडते ते सांग," मी म्हणाले.

"घंटा वाजत नाय."

"का?"

"तिचं नाक बांधलंय. पिशवीनं."

"का?"

"पावसात ती उगाच वाजते. जरा ओल लागली की वाजली. मग सगळं गाव भिजत मैदानात जमतं, मोजणी होते, मुखिया शिव्या घालतो, आणि धुकं कुठंच नसतं. आठवड्यात चारदा. मग रखवालदार काय करतो, पाऊस लागला की पिशवी बांधतो. ज्यानं बांधली त्यानं पाळी संपताना सोडायची. सगळेच करतात. कोण बोलत नाय."

"पण आता पाऊस नाही," मी म्हणाले. "मग अजून बांधलेली का?" हा तिसरा 'का' होता.

जितेशने फासा टेबलावर ठेवला. कितीचा आकडा पडला ते त्याने पाहिलंही नाही.

"एकदा सोडायची राहिली. दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या पठारावर पाठवला, दोन महिन्यांसाठी. परत येतो तं पिशवी तिथंच. खांबामागं असते, कोणाला दिसत नाय. आता सोडायला गेला आणि कोणी बघितलं तर इचारणार, कवापासून हाय? जानेवारीत त्याचं नाव पक्क्या रखवालदारांच्या यादीत जायचंय. तीन वर्षं थांबलाय त्यासाठी."

"अरे, हीच मोहीम!" पूनम म्हणाली. "रखवालदार आपल्यातलाच एक असायला हवा. दीपेशला करू."

मी जितेशच्या कानांकडे पाहत होते. ते लाल झाले होते.

"पिशवी कशाने बांधली आहे?" मी विचारलं.

"रबरानं," तो म्हणाला आणि थांबला.

आमच्या जगात रबर नव्हतं. दोर होता, वेल होते, कातड्याच्या पट्ट्या होत्या. ते सगळं पूनमने कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं.

"कुठल्या शेडमध्ये?" मी विचारलं.

"क्लोरीन."

पूनमची पेन्सिल थांबली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"जितेश, गॅसच्या डिटेक्टरवर? खऱ्या?" ती म्हणाली.

"उद्या माझी पयली पाळी हाय," तो भराभर बोलू लागला. "गेल्या गेल्या काढतो. आधीच काढणार होतो, पण जवा जावं तवा तिथं कोणतरी असतं. सहा महिने काय झालं नाय, एका दिवसानं काय होतंय?"

"आज टनर बदलायचा आहे का?" मी विचारलं. टनर म्हणजे क्लोरीनचा जवळजवळ टनभराचा आडवा सिलिंडर. रिकामा काढून भरलेला जोडताना नळी उघडावी लागते. गळती व्हायचीच असेल तर त्या वेळी होते.

त्याने फासा पुन्हा उचलला.

"जितेश."

"चारला."

"कोण बदलणार?"

"पाळी माझी होती," तो म्हणाला. "म्हणजे दीप्या."

पूनमने फोन उचलला आणि लगेच खाली ठेवला. कारखान्यात मोबाइल नेता येत नाही, सगळ्यांचे फोन गेटवर जमा असतात. बाइकने गेलो तरी पाऊण तासाच्या आत पोचणार नव्हतो. एकच वाट होती, गेटवरच्या लँडलाइनला फोन करून पाळीप्रमुख राजेंद्र साहेबांना मागायचं. आणि त्यांना मागायचं म्हणजे आपलं नाव सांगायचं.

"तीन वर्षं, श्रुतिका," जितेश म्हणाला.

माझी नोकरी पक्की आहे.

बयाबाई चुलीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. "लाव रे फोन," त्या म्हणाल्या. "पोरींची तोंडं काय बघतोस?"

त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. गेटवरून नियंत्रण कक्षात जोडून मिळायला दोन मिनिटं गेली.

"सर, जितेश बोलतोय. क्लोरीन शेडच्या तीन नंबर सेन्सरवर पिशवी राहिलीय. परवा फ्लोअर धुतला ना, पाणी जाऊ नये म्हणून मीच बांधली होती. सोडायची राहिली."

"गाढव आहेस का?" राजेंद्र साहेबांचा आवाज आला. "थांब, लाइनवर थांब." ते वॉकीटॉकीवर कोणाला तरी सांगताना ऐकू आले. आम्ही तिघं टेबलावरच्या फोनकडे बघत बसलो. मग पुन्हा आवाज आला. "काढली. पॅनलवर शून्य आहे. उद्या पाळी संपली की मला भेट. असला निष्काळजीपणा पुन्हा चालणार नाही."

फोन बंद झाला. पूनम मोठ्याने हसली, उगाचच. जितेशने एक भजं तोंडात टाकलं आणि न चावता दुसरं उचललं. "झालं," तो म्हणाला. "शिव्या खाल्ल्या, झालं."

"परवा?" मी म्हणाले.

"काय फरक पडतो? पिशवी निघाली ना."

फरक पडत होता. त्या सेन्सरच्या तोंडाशी पातळ पडदा असतो आणि त्यातून गॅस आत झिरपतो. पिशवीत सहा महिने दमट हवा कोंडली होती. रोज दुपारी तापायची, पहाटे गार व्हायची. म्हणजे पडद्यावर पाणी साठणार. त्यावर पाण्याचा थर असेल किंवा आतलं सगळं गंजलं असेल, तर गॅस आत पोचणारच नाही. मग सेन्सर स्वच्छ हवेतही शून्य दाखवेल आणि विषातही शून्यच दाखवेल. माझ्या प्रयोगशाळेत शून्य आलं की आम्ही आधी माहितीतला नमुना घालून यंत्र जिवंत आहे का ते बघतो. राजेंद्र साहेबांनी 'परवा' ऐकलं होतं. दोन दिवसांत सेन्सर मरत नाही, म्हणून त्यांनी शून्यावर विश्वास ठेवला. आता नळी उघडताना सगळे त्या शून्याच्या भरवशावर असणार होते.

मी हे त्याला सांगितलं. त्याला सगळं कळत होतं. तीन वर्षं त्याच शेडमध्ये काम केलेला माणूस.

"जोडल्यावर अमोनियाचा बोळा फिरवतात की," तो म्हणाला. "गळती असली तर पांढरा धूर दिसतो."

"जोडल्यावर. जोडताना सुटला तर?"

"तुला खात्री हाय काय, सेन्सर मेलाय म्हणून?"

"नाही. खात्री नाही."

"मग?"

"तुलाही नाही."

पावणेचार झाले होते. "सोड ना गो," तो अगदी हळू म्हणाला. "परवाचं सांगितलं तं नुसत्या शिव्या. जूनचं सांगितलं तं यादी गेली. गेटपासच काढून घेतील."

"मी करू का फोन?" पूनमने विचारलं.

"तू कोण ते सांगण्यातच चार वाजतील," मी म्हणाले. ते खरं होतं, आणि ते बोलून मी त्याला कोपऱ्यात ढकलते आहे हेही मला कळत होतं.

जितेशने फोन उचलला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा गेटवरच्या चंदूने उचलला.

"काय रे जित्या, सुट्टी घेऊन कंपनीची लय आठवण येतेय?"

"चंदूदादा, राजेंद्र साहेबांना जोड."

"साहेब शेडला गेले. टनर हाय ना चारला. घरी बसून गुमान टीवी बघ."

"दादा, वॉकीवर सांग त्यांना. लाइन उघडू नका म्हणावं. सेन्सर बंद हाय. मी फोन ठेवत नाय, तू आधी सांग."

चंदूचा आवाज बदलला. त्याने दोनदा वॉकीवर हाक मारली. पहिल्या हाकेला नुसती खरखर आली. दुसऱ्या हाकेला कोणीतरी काहीतरी बोललं, पण शब्द कळले नाहीत. पूनमने माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

तीन छप्पन्नला राजेंद्र साहेब फोनवर आले. त्यांना धाप लागली होती. "बोल."

"सर, परवा नाय. जूनपासून हाय ती पिशवी."

"जूनपासून?"

"तेरा जून, दुसरी पाळी. हूटर चारदा वाजला होता पावसानं. मी बांधली. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली पलीकडच्या प्लांटला. मला माहीत होतं, सर. परत आल्यापासून माहीत होतं."

"तरी मघाशी मला परवा म्हणालास."

"हो, सर."

साहेबांनी रिसीव्हर बाजूला धरला असावा. "सगळ्यांना बाहेर काढा," असं दुरून ऐकू आलं. "टनरला कोणी हात लावायचा नाही. टेस्ट गॅसची बाटली आणा." मग फोन बंद झाला.

बयाबाईंनी चहा आणून ठेवला. कोणी प्यायलं नाही. रोपवेचे दोन पाळणे वर गेले, दोन खाली आले. पूनमने पठारांचा कागद गुंडाळला, पुन्हा उलगडला, आणि उगाचच एका दरीत पेन्सिलीने छटा भरत राहिली.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना दीपेशचा फोन आला, त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून. म्हणजे तो गेटबाहेर होता. जितेशने स्पीकर लावला.

"सेन्सरला टेस्ट गॅस लावला," दीपेश म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता. "पॅनलवर शून्य. दोन मिनिटं धरला, तरी शून्य. हूटर वाजलाच नाय. आता नवीन सेन्सर येईपर्यंत शेड बंद."

"गळती होती का?" मी विचारलं.

"श्रुतिका पण हाय काय? गळती नव्हती. बोळा फिरवला, स्वच्छ."

म्हणजे काम ठरल्या वेळी झालं असतं, तर कदाचित काहीच झालं नसतं. जितेशला तेच वाटत असावं. तो माझ्याकडे बघत होता, आणि मी नजर वळवली नाही.

"जित्या," दीपेश म्हणाला, "घाम येतो म्हणून मी मास्क गळ्यात लटकवून फिरतो तिथं. रोज. हूटर हाय म्हणून. तुला दिसत होतो ना मी?"

"दिसत होतास."

"आणि आज पाळी बदलून दे म्हणालास."

"ते खेळासाठी, दीप्या. आईशप्पथ, टनरचं माझ्या डोक्यातच नव्हतं."

"कवा आलं डोक्यात?"

जितेशने भज्यांच्या ताटलीकडे पाहिलं. "हितं आल्यावर. सव्वातीनला असेल."

"साहेबांनी तुझा पास गेटवर थांबवायला सांगितलाय. उद्या पयल्या पाळीला येऊ नको. नऊला ऑफिसात ये."

"येतो."

जितेशने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. दीपेश बोलत असावा, कारण जितेश मधूनमधून मान हलवत होता. फोनवरच्या माणसाला मान दिसत नाही, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.